सगळं मनुबाईच्या नावावर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्या पोटावर पिवळ्या ऑइलपेंटने एका बाईचं नाव रंगवलेलं आहे. 'कै. मनुबाई नाथाजी यांच्या स्मरणार्थ.' रंगवणाऱ्याला जागेचा अंदाज आला नाही, त्यामुळे शेवटचं अक्षर पेनड्राइव्हच्या खाचेवरून गेलं आणि ती खाच तेव्हापासून बुजलेली आहे. मागच्या बाजूला अजून दोन खाचा आहेत म्हणून बरं. नाहीतर मी बोलायला उरलोच नसतो.

माझा जन्म सांगलीतल्या एका लहानशा दुकानात झाला. कुठला डबा, कुठली डिस्क, कुठला पंखा, असं जोडूनजोडून मला उभं केलं. पहिली नऊ वर्षं मी माधवनगरला एका सूत गिरणीच्या ऑफिसात काढली. काय माझा थाट होता म्हणून सांगू! मला प्लॅस्टिकचं आवरण होतं. खोलीत चपला घालून यायला बंदी होती. दसऱ्याला मला झेंडूचा हार घालायचे, हळदकुंकू वाहायचे. त्यातलं कुंकू कीबोर्डात जाऊन एका वर्षी 'क' हे अक्षर दाबलं की दाबलेलंच राहायचं. पण कोणी रागावलं नाही. नव्या नवरीचे दिवस होते ते.

मग मी म्हातारा झालो. चालू व्हायला पाच मिनिटं घेऊ लागलो. "रडतंय बघा आता," असं माझ्या तोंडावर म्हणू लागले. एके दिवशी मला उचलून गोदामात पोत्यांच्या मागे ठेवलं. तिथे उंदरांनी माझ्या पोटात संसार थाटला. त्यांचं मला वाईट वाटत नाही, निदान ते माझी विचारपूस तरी करत होते.

गोदामातून मला बाहेर काढलं सांगलीच्या जयराजने. हा जुनी मशीनं दुरुस्त करतो. त्याने मला रंगाच्या ब्रशने झाडलं, उंदरांना रजा दिली आणि माझ्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली. मी तीस सेकंदांत उठायला लागलो! म्हातारपणी दात यावेत तसं झालं.

आता थोडं माझ्या घरातलं सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. माझ्या पोटात दोन-अडीच लाख फाइली आहेत आणि प्रत्येक फाइलीला एक मालक असतो. माणसांच्या फाइली त्या त्या माणसाच्या नावावर. मला चालवणाऱ्या बाकीच्या फाइली बहुतेक एकाच्याच नावावर असतात, त्याचं नाव रूट. रूट हा माणूस नव्हे. तो माझा घरकारभारी. दाराचं कुलूप, घड्याळ, आवाज, पडदा, सगळं त्याच्या ताब्यात. त्याच्या वस्तूला कोणी हात लावू नये म्हणून दारात पहारेकरी असतात. हे पहारेकरी भारी कडक. त्यांचं नाव कारभाऱ्याच्या पटावर आणि छातीवर त्याचा बिल्ला असेल तरच ते कामावर उभे राहतात.

असा मी तयार होऊन बसलो, आणि मला न्यायला हवालदार नाथाजी आले.

नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले. कवठे महांकाळच्या पूर्वेला एक वाडी आहे, तिथल्या वाचनालयाचे ते अध्यक्ष. त्यांनी मला वाडीला भेट दिलं. माणूस सरळ, दिलदार, पण एक खोड भारी होती. त्यांना सगळ्यावर नाव घालायची हौस होती. फौजेत बारा जणांच्या बारा सारख्या थाळ्या, नाव नसेल तर आपली कुठली कळायचं कसं? तिथून ती सवय लागली. घरातलं प्रत्येक भांडं त्यांनी बाजारात नेऊन नाव कोरून आणलं होतं. पातेली, डबे, झारे, एवढंच काय, किसणीसुद्धा. माझ्यावर आधी 'हवालदार नाथाजी यांजकडून भेट' असं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको मनुबाई वारली, आणि तेव्हापासून नाथाजींनी जे दिसेल त्यावर तिचं नाव घालायला सुरुवात केली. कपाट, घड्याळ, पाण्याची टाकी, वर्तमानपत्राची काठी. माझ्यावरचं त्यांचं नाव पुसून तिचं आलं. केरसुणीवर रंग धरेना म्हणून ती तेवढी सुटली.

छताच्या पंख्याच्या तीन पात्यांवर 'कै. मनुबाई', 'नाथाजी', 'यांच्या स्मरणार्थ' असे तीन तुकडे रंगवले. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही. म्हणून कोणी नवं माणूस आलं की नाथाजी आधी पंखा बंद करायचे. एप्रिल महिन्यात, कवठे महांकाळच्या उन्हात! लोक घाम पुसत मान वर करून नाव वाचायचे आणि "व्वा" म्हणून निघून जायचे.

मला मात्र मनुबाई आठवते ती नावामुळे नव्हे. ती जिवंत असताना दुपारी दोनच्या सुमाराला यायची. नाथाजींना वाटायचं, बायको मशीन पुसायला जाते. ती पुसायचीसुद्धा, पदराने. मग खुर्चीत बसायची आणि एका बोटाने अक्षरं शोधायची. सोबत तिची मैत्रीण रंगुबाई असायची. रंगुबाई बिरदेवची बायको, मेंढपाळाचं घर. ती शेजारी बसून सांगायची, "आगं, ते बघ, तिकडं कोपऱ्यात हाय 'र'." आमच्या ग्रंथपाल उत्कर्षाताईने मनुबाईला माझ्यात तिच्या नावाचं खातं काढून दिलं होतं. मिरजेला कॉलेज करून आलेली ही मुलगी. कामाला चोख, तोंडाने गोड. मनुबाईच्या एकेका अक्षराची पाहिली तितकी वाट मी दुसऱ्या कोणाचीच पाहिली नाही, मित्रांनो, आणि मला कधी कंटाळाही आला नाही.

आता बिरदेवविषयी. वाडीच्या बिरोबाच्या जत्रेत गजीचा नाच होतो. ढोल-कैताळाच्या तालावर माणसं रुमाल उडवत फेर धरतात, आणि आधी ओव्या गातो तो बिरदेव. चाळीस वर्षं तोच सुंबरान, म्हणजे देवाचं नमन, मांडत आला. त्याने तोंड उघडलं की लहान मुलं रडायची थांबायची. गेल्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रियेच्या आधी आठ दिवस उत्कर्षाताईने त्याला वाचनालयात आणलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि तीन दुपारी त्याच्या ओव्या मोबाइलवर धरून माझ्यात आणून ठेवल्या. अकरा फाइली. एकदा कोणीतरी त्यातल्या एकीवर चुकून सिनेमा उतरवत होतं, तेव्हापासून तिने त्या फोल्डरला असं कुलूप घातलं की मालकाखेरीज कोणालाच ते उघडू नये. मालक अर्थातच ती. आणि मोबाइलवर जागा नाही म्हणून तिथलं पुसून टाकलं. दुसरी प्रत कुठे ठेवली? कुठेच नाही! एवढी हुशार मुलगी, पण इथे चुकली. मी बोंबलून सांगितलं असतं, पण मला विचारतो कोण.

बिरदेव वाचला. आवाज गेला. आता तो गळ्यात पाटी अडकवून फिरतो आणि खडूने बोलतो. यंदाच्या जत्रेत दुपारी चार वाजता माझ्यातल्या आवाजावर गजी नाचायची, असं वाडीने ठरवलं. देवळापासून वाचनालयाच्या खिडकीपर्यंत कर्ण्याची वायर ओढली. बिरदेवने आठ दिवस आधीच फेटा धुऊन वाळत घातला होता.

जत्रेच्या दिवशी सकाळी दहाला नाथाजी आले आणि म्हणाले, "पोरी, आमच्या मंडळीच्या फोटोंचं फोल्डर तिच्या नावावर करून दे की."

"देते की आबा," उत्कर्षाताई म्हणाली. तिने काळी खिडकी उघडली, मालक बदलायची आज्ञा लिहिली, पुढे एक आडवी रेघ आणि मोठा 'आर' लावला, मग मनुबाईचं नाव, मग फोल्डरचा पत्ता. हा 'आर' लावला की आज्ञा वरच्यावर थांबत नाही. खोली म्हटली की खोलीतलं कपाट, कपाटातले डबे, डब्यांतल्या पुड्या, सगळीकडे शिरते. मी ताईला पासवर्ड विचारला, तिने दिला, काम झालं.

नाथाजी पडद्याला नाक लावून बघत होते. "पोरी, ह्यो रूट कोन?"

"तो मशीनचा कारभारी, आबा."

"गावचा हाय?"

"नाही हो, तो माणूसच नाही."

"मंग एवढं समदं त्याच्या नावावर कसं? मशीन दिलं म्या. त्यानं काय दिलंय?"

ताई हसली. तेवढ्यात कर्णेवाल्याने बाहेरून हाक मारली, वायर पुरत नव्हती. ती गेली.

मित्रांनो, माझी एक पद्धत आहे. एकदा पासवर्ड दिला की पंधरा मिनिटं मी पुन्हा विचारत नाही. माणसाला सारखं सारखं काय विचारायचं, असा माझा सभ्यपणा. त्या सभ्यपणानेच घात केला. नाथाजी खुर्चीत बसले. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागची आज्ञा परत येते, हे त्यांनी ताईचं बघून हेरलं होतं. मशीनमधलं सगळं एका तिरप्या रेघेपासून सुरू होतं, हे जयराजने कधीतरी सांगितलेलं. फौजेतला माणूस, ऐकलेलं विसरत नाही. त्यांनी फोल्डरचा पत्ता खोडला आणि तिथे नुसती एक तिरपी रेघ ठेवली.

"घे मनू," ते म्हणाले, "सगळं तुझं." आणि एंटर दाबलं.

अरे देवा! काय सांगू तुम्हाला. आज्ञा आत शिरली आणि घरभर पळत सुटली. घड्याळ मनुबाईचं. पडदा मनुबाईचा. छपाईची रांग मनुबाईची. दाराचे पहारेकरी मनुबाईचे. पहारेकऱ्यांच्या बिल्ल्यांचं तर असं आहे की मालक बदलला की ते गळून पडतात, ते पटापट पडले. वाडीतल्या मुलांच्या चित्रांपासून सरकारी नोकरीच्या अर्जापर्यंत सगळं मनुबाईचं झालं. आणि त्यात बिरदेवच्या अकरा ओव्या. दोन-अडीच लाख नावं बदलायला मला काही मिनिटं लागली. तोवर नाथाजी मिशीला पीळ देत समाधानाने बसले होते. आतलं सगळं माझ्या पायाखालून सरकलं होतं आणि बाहेरून मी अगदी तसाच दिसत होतो.

ताई आली. वायर जोडली, बिरदेवचं फोल्डर उघडायला गेली. 'परवानगी नाही.' पुन्हा गेली. 'परवानगी नाही.' कारभाऱ्याच्या हक्काने उघडायला गेली, तर पहारेकरी म्हणाला, मी कारभाऱ्याचा नाही, मी काम करणार नाही. ताईने यादी काढली. पडदाभर वरून खाली एकच नाव. मनुबाई, मनुबाई, मनुबाई.

"आबा, तुम्ही काही केलंत?"

"म्या? म्या कशाला हात लावतोय?"

"आबा."

नाथाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या रूटच्या नावावर ठेवण्यापरास म्हटलं आपल्या मानसाच्या नावावर असू दे. काय बिघडलं?"

"अहो, सगळंच बिघडलं! बिरदेवकाकांच्या ओव्या उघडत नाहीत."

"बंद करून चालू कर. टीव्ही तसाच सुधारतोय."

"नको आबा, आता अजिबात बंद..."

पण हवालदाराचा अंगठा आधीच बटणावर गेला होता. मी बंद झालो. मित्रांनो, मी पुन्हा उठायचा मनापासून प्रयत्न केला, पण माझ्या घरात मलाच ओळखेना कोणी. पडदा रंगवणारा म्हणाला, माझं सामान माझं नाही. चित्र नाही, बाण नाही, काही नाही. काळ्याभोर पडद्यावर मी दोनच प्रश्न विचारू शकलो: नाव काय आणि पासवर्ड काय.

ताईने आपलं नाव घातलं. आत येता आलं, पण ओव्यांचं कुलूप काही हलेना. मग तिने जयराजला फोन लावला, स्पीकर चालू ठेवला.

जयराज मिरजेला कुणाच्या तरी कामात अडकला होता. सगळं ऐकून तो आधी हसला, मग ओशाळला. "ताई, दुरुस्त होतंय, पण पेनड्राइव्ह घेऊन मलाच यावं लागंल. उद्या सकाळी येतो."

"आज चारला जत्रा आहे हो."

"मग एकच रस्ता हाय. ज्याच्या नावावर सगळं केलंय, त्यानं सोताच्या पासवर्डनं आत यायचं. त्याला कुलूप उघडंल."

ताईने फोन ठेवला. पंखा फिरत होता. सगळं मनुबाईचं झालं होतं आणि दार उघडायला मनुबाई नव्हती.

साडेबाराला बिरदेव आला. धुतलेला फेटा, खांद्यावर घोंगडी, गळ्यात पाटी. खिडकीतली वायर पाहून हसला. मग या दोघांची तोंडं पाहिली आणि हसू गेलं. ताईने त्याला खाली बसवून नीट सांगितलं. त्याने खडू घेतला. पाटीवर लिहिलं, 'आवाज गेला?'

एकदा मिरजेत गेला होता. आता पुन्हा जायची वेळ आली होती. ते वाचून नाथाजींना रडूच फुटलं. एवढा मिशीवाला माणूस, टोपीने डोळे पुसू लागला. "न्हाई रं गड्या. आत हाय तुजा आवाज. माज्या हातनं दार लागलं बघ. मला वाटलं, तिच्यासाठी दुसरं काय करता येतंय आता? नाव तेवढं घालता येतंय."

बिरदेवने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग पाटी पुसून लिहिलं, 'दार उघडा. रडू नंतर.'

झालं, पासवर्ड शोधायला बसले. तुम्ही म्हणाल, तुला तर तो ठाऊक असेल! नाही, मित्रांनो. मी शब्द तसाच ठेवत नाही, दळून त्याचं पीठ ठेवतो. कोणी नवा शब्द दिला की तो दळतो आणि दोन्ही पिठं ताडून बघतो. जुळलं तर दार उघडतो. पिठावरून दाणा कसा होता, हे मलाही सांगता येत नाही.

"नाथाजी घाल," नाथाजी ठामपणे म्हणाले. ताईने घातलं.

"उमटंना की काय!"

"पासवर्ड उमटत नाही, आबा."

चुकला. चुकीचा शब्द आला की मी मुद्दाम थोडा थांबतो, नियम आहे. तेवढा वेळ तिघेही श्वास धरून बसायचे.

"हवालदार घाल." चुकला. "माजी पलटण घाल." चुकला. लग्नाचं साल, नाथाजींच्या फौजेतला नंबर, नाथाजींच्या घोड्याचं नाव, नाथाजींना मिळालेल्या पदकाचं नाव. सगळं चुकलं. तास गेला, दीड तास गेला. नाथाजींच्या आयुष्यातलं एवढं काही मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

बिरदेवने पाटी उचलली. 'सगळं तुझंच सांगतोस. तिचं सांग.'

नाथाजींनी वर पंख्याकडे पाहिलं. "तिचं काय असायचं," ते हळूच म्हणाले, आणि मग, "मला ठावंच न्हाई गड्या."

तीन वाजता दारात रंगुबाई आली. डोक्यावर भलं मोठं स्टीलचं पातेलं, त्यात नाचणाऱ्या पोरांसाठी चहा. "आवं, हितं काय बसलाय? देवळात समदी खोळंबल्यात," असं म्हणत तिने पातेलं टेबलावर ठेवलं. अगदी माझ्यासमोर. त्याच्या काठावर टोचून टोचून कोरलेलं होतं: 'सौ. मनुबाई नाथाजी, १९९८.'

नाथाजी ताडकन उठले. "हे पातेलं! दोन वर्सं हुडकतोय म्या. पाव्हण्यांच्या घरी धा फोन केलं. तुज्याकडं कसं?"

"तिनंच दिलं, भावजी. पायजे तर न्या परत," रंगुबाई म्हणाली. तिची मान ताठ होती. "पर आधी पोरांस्नी च्या पिऊ द्या."

"नाव दिसत न्हाई व्हय त्याच्यावर?"

"दिसतंय की. रोज घासतेय म्या ते नाव."

नाथाजींनी पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं. आणि उत्कर्षाताई? ती एकदा रंगुबाईकडे बघत होती, एकदा रिकाम्या खुर्चीकडे. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, मीच त्यांना सांगितलं होतं! म्हटलं, मनूआजी, असा शब्द घ्या की तुम्हाला कधी विसरायचा नाही आणि तुमच्या घरात कोणाला सुचायचा नाही. तर त्या या रंगूकाकींकडे बघून हसल्या होत्या."

ती वळली आणि माझ्यात एक नाव टिपलं. रंगुबाई. मी ते दळलं. दोन्ही पिठं शेजारी शेजारी ठेवली. मित्रांनो, माझ्या छातीत पंख्याशिवाय काही नाही, पण तो त्या वेळी वेगाने फिरला हे खरं.

दार उघडलं.

"आली! आत आली!" ताई ओरडली. बिरदेवने पाटीवर थाप मारली. रंगुबाईला काय झालं ते कळेना, पण तीही हसायला लागली.

ओव्या शोधायला म्हणून ताईने आधी मनुबाईच्या स्वतःच्या घरात काय आहे ते पाहिलं. एकच फाइल होती. दोन वर्षांपूर्वीची, तीन दुपारी बसून एका बोटाने लिहिलेली. त्या अडीच लाखांत मुळापासून मनुबाईची असलेली ही एकटीच. सकाळी सगळ्यांवर तिचं नाव घातल्यावर ती गर्दीत कोणाला ओळखू आली नसती.

"वाच," नाथाजी म्हणाले.

ताईने वाचलं. "मोठं पातेलं रंगुबाईकडं हाय. ह्यांना सांगितलं न्हाई. ह्यांनी नाव घातलंय म्हनून समदी भांडी परत आनून देत्यात. रंगुबाईकडं खायाला मानसं लय. तिला परत मागू नगा. नाव माजं असू द्या, पातेलं तिच्याकडं असू द्या."

रंगुबाईने पदर तोंडाला लावला. नाथाजी पडद्यावरची ती सहा ओळींची फाइल बघत उभे राहिले. त्यांना वाचायला चष्मा लागतो, तो घरी होता, पण ते बघत राहिले.

"ही फाइल आधीपासनं तिच्याच नावावर हाय?"

"आधीपासून, आबा."

"मंग बाकीचं ज्याचं त्याला दिऊन टाक," ते म्हणाले. "त्या रूटलाबी."

चार वाजून दहा मिनिटांनी ताईने आज्ञा दिली आणि मी बिरदेवचा आवाज कर्ण्यातून देवळाकडे सोडला. कर्णा आधी खरखरला. मग सुंबरान निघालं. ढोल पडला, रुमाल उडाले, फेर सुरू झाला. बिरदेव माझ्याजवळ खिडकीत उभा होता. आपलाच आवाज ऐकत त्याचे ओठ हलत होते, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी एवढी वर्षं सुताचे हिशेब केले, अर्ज भरले, पत्रिका छापल्या, पण असं काम माझ्याकडून दुसरं झालं नाही. कोणीतरी आनंदाच्या भरात खिडकीतून भंडारा उधळला, तो माझ्या पंख्यात गेला. अजूनही मला जोर आला की थोडी हळद बाहेर पडते.

दुसऱ्या सकाळी जयराज आला. "सगळं पुसून नव्यानं टाकू काय? सोपं पडंल," म्हणाला. बिरदेवने पाटीवर आणि बाकी तिघांनी तोंडाने एकदम "नको!" म्हटलं. मग माझ्यासारख्याच एका धडधाकट मशीनवरून त्याने यादी आणली, कुठल्या फाइलीचा मालक कोण ते. तिच्याबरहुकूम कारभाऱ्याचं कारभाऱ्याला गेलं. पहारेकऱ्यांचे बिल्ले एकेक करून लावले. वाडीतल्या लोकांची फोल्डरं उत्कर्षाताईच्या वहीत नोंदलेली होती, ती ज्याची त्याला गेली. बिरदेवच्या ओव्या ताईने बिरदेवच्याच नावावर केल्या, आणि त्यांच्या तीन प्रती काढल्या. एक जयराजकडे, एक तिच्या घरी, एक रंगुबाईच्या पेटीत. मनुबाईकडे तिचे फोटो आणि तिची ती एक फाइल राहिली.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. तुम्ही माझ्यासारख्या म्हाताऱ्यापुढे बसाल तेव्हा माझं एवढं ऐका. मोठा 'आर' लावलेली आज्ञा देण्याआधी पुढचा पत्ता दोनदा वाचा. जे एकदाच मिळतं त्याची दुसरी प्रत ठेवा. अधूनमधून माझा पंखा झाडा. आणि माणूस जवळ आहे तोवर त्याला काय आवडतं ते विचारून ठेवा, मागाहून ते शोधायला दीड तास पुरत नाही.

नाथाजींची खोड गेली का? छे! परवाच ते रंगुबाईकडून पातेलं मागून घेऊन गेले. रंगुबाईने दिलं, पण तिचा चेहरा उतरला होता. संध्याकाळी नाथाजी ते घेऊन थेट वाचनालयात आले आणि माझ्यासमोर ठेवून तिला हाक मारली. बाजारात नेऊन त्यांनी त्यावर आणखी कोरून आणलं होतं. वरची ओळ तशीच होती: 'सौ. मनुबाई नाथाजी, १९९८.' खाली नव्या चकचकीत ठिपक्यांत दुसरी होती: 'हल्ली मुक्काम रंगुबाईकडे.'